रायगड : आईचे गुडघे, चौथीतला नातू आणि मुंबईहून दोन दिवस. कसं जमवावं?

अनघा_परळ
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईला रायगड दाखवायचा आहे.

आई ७१ वर्षांची. लालबागला पालिकेच्या शाळेत तिने वर्षानुवर्षं चौथीला इतिहास शिकवला. गडाचा नकाशा ती पुस्तक न बघता फळ्यावर काढायची. महादरवाजा, हत्ती तलाव, गंगासागर, होळीचा माळ, जगदीश्वर, सगळं जागच्या जागी. स्वतः मात्र ती गडावर कधी गेलेली नाही. आधी शाळा, मग बाबांचं आजारपण, मग गुडघे. आता माझा मुलगा चौथीत आहे आणि रोज संध्याकाळी आजी-नातू इतिहासाचं पुस्तक उघडून बसतात. यंदा जायचंच असं ठरवलंय.

सपाटीवर आई अर्धा-पाऊण तास आरामात चालते. जिना चढताना कठडा लागतो, उतरताना जास्तच. मी रोपवे म्हणतेय. भावाचं म्हणणं, रोपवेने गेलं तर गड पाहिला असं म्हणता येत नाही, हळूहळू चढवू. त्यावरून घरात रोज वाद.

एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा? गाडी, रेल्वे की एसटी? आणि वर पोचल्यावर आईला नेमकं काय काय झेपेल? आईला गड मनासारखा, घाई न करता बघता यावा एवढंच हवंय.

भटका_मुलुंड
रोपवे. भावाला नातवाबरोबर पायऱ्यांनी पाठवा. दोघंही खूश.

सह्यवेडा
भाऊंची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. रोपवे तुम्हाला हिरकणीवाडीतून उचलतो आणि चार-पाच मिनिटांत थेट बालेकिल्ल्याशी आणून सोडतो. गड किती अवघड आहे हे त्यात कळतच नाही. साडेचौदाशेच्या आसपास पायऱ्या चढून आलं की खुबलढा बुरूज कुणावर नजर ठेवून होता ते कळतं. महादरवाजा तर जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पाऊणशे फुटी बुरूज एका बाजूला, पासष्ट फुटी दुसऱ्या बाजूला आणि त्या दोघांच्या बेचक्यात दार लपवलेलं. हल्ला करणाऱ्याने यावं कुठून आणि तोफ लावावी कुठे? हे बांधणाऱ्याचं डोकं पायी आल्याशिवाय समजत नाही.

काकूंनी हे सगळं मुलांना शिकवलंय. त्यांना महादरवाजा न दाखवता परत आणणं मला तरी बरोबर वाटत नाही. वर जाताना रोपवे घ्या, येताना पायऱ्यांनी उतरवा. उतरायला दम लागत नाही.

शलाका_ठाणे
सह्यवेडा, दम लागत नाही हे खरं, पण गुडघ्याचं काय? मी फिजिओथेरपिस्ट आहे. झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं, कारण प्रत्येक पायरीला सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावं लागतं. अनघाने स्वतःच लिहिलंय की आईला उतरताना जास्त त्रास होतो. साडेचौदाशे पायऱ्या उतरवल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवत नाही. रोपवेने जा, रोपवेनेच या.

आणि अनघा, रोपवे घेतला म्हणजे पायऱ्या संपल्या असं नाही. वरच्या स्थानकातून मेणा दरवाज्यापर्यंत पायऱ्या आहेतच, वर गडभर फिरताना चढउतारही आहे. आतापासून रोज थोडी तयारी करून घे. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, असे साधे व्यायाम पुरतात. आठवड्यातून एकदा सायनच्या किल्ल्यावर घेऊन जा. टेकडी लहान, पायऱ्या बेताच्या, बसायला जागा आहे. तिथे कळेल किती झेपतंय. काठी उजव्या गुडघ्याला त्रास असेल तर डाव्या हातात धरायची. बरेच जण उलटं करतात.

गिरगावचे_काका
सायनच्या किल्ल्याची सूचना मला फार आवडली, आणि त्यामागे एक गोष्टही आहे. तो किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात बांधला, जेरार्ड ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना. पलीकडे साष्टी पोर्तुगीजांकडे होती, त्या हद्दीवर लक्ष ठेवायला. याच ऑंजियरने १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेनला वकील म्हणून रायगडावर पाठवलं, आणि तो राज्याभिषेकाला हजर होता. मुंबईहून निघून चौल, रोहा-अष्टमी, निजामपूर असा तो मे महिन्यात गडाखाली पाचाडला पोचला. म्हणजे अनघाताई, तुम्ही सायनहून रायगडाची तयारी करताय याला साडेतीनशे वर्षांचा दाखला आहे!

त्याच्या नोंदींत एक बारकावा आहे तो नातवाला जरूर सांगा. सिंहासनाच्या सोहळ्यातून बाहेर पडताना त्याला दारात दोन लहान हत्ती आणि दोन घोडे उभे दिसले. वाट इतकी बिकट, हे प्राणी वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं. वर गेल्यावर मुलाला हाच प्रश्न विचारा आणि उत्तर शोधू द्या.

चहाबाज
काका, ऑक्झिंडेनची खाटकाची गोष्ट राहिली की.

गिरगावचे_काका
ती तर सांगायलाच हवी. गडावरचा नेहमीचा आहार म्हणजे तूप घातलेली खिचडी. इंग्रजांना मांस लागायचं म्हणून खाटकाकडून बकरे पुरवण्याची व्यवस्था झाली. तो खाटीक म्हातारा होता. एरवी काही वर्षांत खपलं नव्हतं एवढं मांस या मूठभर माणसांनी थोड्या दिवसांत संपवलं, तेव्हा हे खाणारे आहेत तरी कोण ते बघायला तो एवढा गड चढून वर आला. इंग्रजांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे.

भटका_मुलुंड
म्हातारा खाटीक चढला म्हणून आता अनघाच्या भावाला नवा मुद्दा मिळाला.

निलांबरी
अनघा, सगळ्यात महत्त्वाचं राहून गेलंय. जिजाऊसाहेब स्वतः उतारवयात गडावर राहत नव्हत्या. वरची थंड हवा आणि वारा त्यांना मानवेना म्हणून महाराजांनी खाली पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधून दिला. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला पाचाडलाच त्यांचं देहावसान झालं. समाधीही तिथेच. वयाचा मान राखून सोय करणं हे या गडाच्या इतिहासातच आहे. भावाला हे सांग. रोपवेने नेल्यावर गड पाहिला नाही, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही.

बहुतेक जण मुंबईहून धावत येतात, गडावर जातात आणि पाचाड खिडकीतून बघून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका. वाड्याची तटबंदी आणि जोती शिल्लक आहेत. आवारात तक्क्याची विहीर आहे. विहिरीच्या काठाशी दगडातच टेकून बसायला तक्क्या घडवलेला. महाराज तिथे बसून लोकांशी बोलत असं सांगतात. त्या दगडावर हात ठेवला की तो मधोमध गुळगुळीत लागतो. तुझ्या आईला हे ठिकाण गडाइतकंच आवडेल, आणि चढ काही नाही.

पाचाडचा_भाचा
माझं आजोळ पाचाडचं, लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेल्या. थोडं व्यवहाराचं सांगतो.

शनिवार-रविवार नको. नाताळची सुट्टी तर नकोच. रोपवेची रांग दोन-तीन तासांवर जाते आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढा वेळ उभं करणं म्हणजे गड बघायच्या आधीच दमवणं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, त्यात रायगड आहे, तेव्हापासून गर्दी आणखी वाढली. मंगळ-बुध-गुरू यांतला दिवस धरा. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत वर जा. तिकीट आधी काढता येतं, ते काढूनच निघा. परतीची वेळ ठरवताना हातात वेळ ठेवा, कारण वारा जोराचा सुटला तर रोपवे थांबवतात. थांबला की पुन्हा कधी सुरू होईल ते वाऱ्यावर. अशा वेळी खाली उतरायची घाई करू नका, वर सावलीला बसा.

पाणी प्रत्येकाने स्वतःचं घ्या. स्वच्छतागृह खालच्या स्थानकावरच आटोपून घ्या, वर अंतरं लांब आहेत. टोपी हवीच, वर झाडी फारशी नाही. चपला नकोत, मागे पट्टा असलेलं, तळ खरखरीत असलेलं पायताण घाला. फरसबंदी जागोजागी झिजलेली आहे.

अनघा_परळ
सगळ्यांचे मनापासून आभार. निलांबरी, पाचाडचं वाचून मी आईला लगेच फोन केला. तिला हे सगळं माहीत होतं, पण वाड्यात जाता येतं हे नव्हतं.

वरचं जरा सविस्तर सांगाल का कुणी? रोपवेतून उतरल्यावर क्रम कसा ठेवावा?

निलांबरी
सांगते. मेणा दरवाज्यातून आत गेलीस की राणीवसा, राजवाड्याची जोती, मग राजसभा. हे सगळं जवळजवळ आहे. राजसभा सुमारे २२० फूट लांब, १२४ फूट रुंद. पूर्वेकडे तोंड केलेली सिंहासनाची जागा, तिथे आता मेघडंबरी, म्हणजे सिंहासनावरचं छत, आहे, आणि समोर नगारखान्याचं भव्य दार. नगारखान्यापाशी हलक्या आवाजात बोललेलं सिंहासनाशी ऐकू येतं. अंतर दोनशे फुटांच्या वर. सकाळी माणसं कमी असताना हा प्रयोग करा. आजीला मेघडंबरीजवळ बसवा आणि नातवाला नगारखान्यात उभं करून कागद फाडायला सांगा. तो टर्रकन आवाज इतका स्पष्ट येतो की मुलं पुन्हा पुन्हा करत राहतात.

तिथून बाहेर पडलं की होळीचा माळ, महाराजांचा पुतळा, मग बाजारपेठ. इथवर आई आरामात येईल. बाजारपेठेतून पुढे जगदीश्वराकडे उतार आहे, आणि परत येताना तोच चढ. तिथे वेळ द्या, मध्ये दोनदा बसा. टकमक टोक आईसाठी सोडा. वाट अरुंद, वारा फार. गंगासागर आणि मनोरे वरून छान दिसतात. खाली तलावापर्यंत जायचं तर पालखी दरवाज्याच्या एकतीस पायऱ्या आहेत, त्या परत चढाव्या लागतात. आईच्या इच्छेवर सोड.

सह्यवेडा
क्रम उत्तम. बाजारपेठेत एक सांगा, दोन्ही बाजूंना बावीस-बावीस गाळे आहेत आणि जोती मुद्दाम उंच आहेत, घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून.

वसईची_वीणा
ही घोड्यावरच्या खरेदीची गोष्ट मला कधीच पटली नाही. गडावर असे स्वार तरी किती फिरत असतील? जोतं उंच आहे ते पावसासाठी असेल. रायगडाचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच पटेल. काही अभ्यासकांच्या मते ती दुकानं नसून कारभाऱ्यांची, अधिकाऱ्यांची राहण्याची घरं असावीत. प्रत्येक गाळ्याला पुढे एक आणि मागे खोल्या आहेत. तुम्ही स्वतः आत जाऊन बघा.

सह्यवेडा
पुढे दुकान, मागे माल. त्यात न पटण्यासारखं काय आहे? आणि एका गाळ्यावर नाग कोरलेला आहे, नागप्पा शेट्टीचं दुकान म्हणून दाखवतात.

वसईची_वीणा
दाखवतात, बरोबर. पण त्याच्या काळचा कागद कुणी दाखवत नाही. काकूंनी स्वतः बघून ठरवावं. आयुष्यभर ज्यांनी शिकवलं त्यांच्या मताला माझ्या लेखी वजन आहे.

नवा_पाखरू
मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक सुचवू का? पावसात जा. धुक्यातला रायगड म्हणजे स्वर्ग.

पाचाडचा_भाचा
पाखरू, तुझ्या वयाला ठीक आहे, तेही जपून. जुलै २०२४ मध्ये धो-धो पावसात पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले होते, माणसं अडकली होती. दरडीचा धोका वेगळाच. पावसाळ्यात पायरीमार्ग बंदही ठेवतात. आणि धुक्यात दोन हातांवरचं दिसत नाही. ज्यांना एकदाच गड बघायला मिळणार आहे त्यांना धुकं दाखवून काय करायचं?

मधुरा_बोरिवली
सहा जूनला गेले तर? वातावरण भारावलेलं असतं म्हणतात.

गिरगावचे_काका
असतंच. तारखेचा सोहळा आणि तिथीचा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, दोन्ही वेळी गडावर लाखोंची रीघ लागते. धडधाकट माणसाने एकदा अनुभवावा. सत्तरीच्या बाईंना त्या गर्दीत नेऊ नये.

रुळावरचा
प्रवासाचं कुणी बोललंच नाही. गाडी विसरा, कोकण रेल्वे घ्या. दिवा–सावंतवाडी गाडी वीर स्टेशनला थांबते. तिथून महाड दहा-बारा किलोमीटर, महाडहून पाचाड साधारण पंचवीस. माणगावला थांबणाऱ्या गाड्या जास्त आहेत, तिथून महाडला एसटी मिळते. रस्त्यावर कमरेची हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

भटका_मुलुंड
दिव्याहून सकाळी त्या गाडीत जागा मिळवणं हाच एक गड आहे. काकूंना ते नको. वीरला उतरून रिक्षा मिळेल की नाही त्याचीही खात्री नाही.

एसटीप्रेमी_विक्रोळी
परळ, मुंबई सेंट्रल, बोरिवली इथून महाडच्या, पुढे पोलादपूर-खेड-चिपळूणच्या गाड्या आहेत. ७५ च्या वरच्यांना एसटीत मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, महिलांना तसंही अर्धं. महाड आगारातून पाचाड-रायगडला एसटी जाते. आईंना खिडकीची जागा आरक्षित करा. पण खरं सांगू? मोठ्या माणसांना घेऊन, वाटेत कुठेही थांबता यावं म्हणून, यावेळी स्वतःची किंवा भाड्याची गाडीच योग्य.

कुंदा_पनवेल
एसटीप्रेमीच गाडी म्हणाले म्हणजे प्रश्न मिटला.

आम्ही माहेरी माणगावला सतत जातो, त्यामुळे रस्त्याचं सांगते. मुंबई ते महाड साधारण १७० किलोमीटर, पण किलोमीटरवर जाऊ नका. गोवा हायवेचं काम इतकी वर्षं रखडलंय की आमच्या गावची एक पिढी त्या खड्ड्यांत मोठी झाली. रुंदीकरण बरंच झालंय, तरी इंदापूर आणि माणगावच्या बाजारात अजून कोंडी होते. शनिवारी सकाळी तर बघायला नको. पेणकडून जाण्यापेक्षा एक्सप्रेसवेने खोपोलीला उतरा, पाली करून वाकणला हायवेला लागा. रस्ता बरा, आणि पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन वाटेतच. तिथून कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, महाड. पहाटे साडेपाचला परळ सोडलंत तर नाश्ता पालीत आणि दहा-साडेदहाला महाड.

सविता_चेंबूर
महाडला पोचलात की चवदार तळ्यावर थांबा. गावातच आहे, वाकडी वाट करावी लागत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथे ओंजळीने पाणी प्यायलं, त्यांच्यामागे हजारो माणसं प्यायली. काकू इतिहासाच्या शिक्षिका आहेत, नातू शिकतोय. रायगडाच्या पायथ्याशी, एका तासाच्या आत, ही दोन ठिकाणं आहेत आणि बहुतेक गाड्या हायवेवरून सरळ पुढे निघून जातात. माझे सासरे दर मार्चला जायचे. काठावर उभं राहून ते आम्हाला सांगायचे की हक्क असूनही पाणी घेऊ देत नव्हते, हे मुलांना नीट सांगा. पालिकेने तळं सार्वजनिक केलं होतं, ठराव झाला होता, आणि तरीही सत्याग्रह करावा लागला.

अनघा_परळ
सविताताई, नक्की थांबणार. हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं.

चहाबाज
धाग्यावर एवढी मंडळी जमलीत तर विचारतो, त्या वाघ्याच्या समाधीबद्दल

धागापाल
चहाबाज, त्या विषयाला वेगळा धागा आहे आणि तो बराच तापलेला आहे. इथे अनघा यांच्या सहलीपुरतं बोलूया. धन्यवाद.

चहाबाज
बरं. मग हे तरी विचारतो, मुंबईच्या जवळ सोपा किल्ला नाही का? पन्हाळ्यावर गाडी थेट आत जाते.

भटका_मुलुंड
पन्हाळा कोल्हापूरला आहे रे. जवळ कुठून आला? प्रतापगडावर गाडी बरीच वर जाते, पण तिथेही पायऱ्या आहेत. आणि आईने आयुष्यभर फळ्यावर रायगड काढलाय, पन्हाळा नाही.

शाळामास्तर_कळवा
मी अजून शाळेत शिकवतो. नातवाबद्दल एक सूचना. मुलं गडावर महाल बघायच्या अपेक्षेने जातात आणि वर नुसती जोती दिसली की हिरमुसतात. आधीच सांगा की मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाड्याला आग लागली, लाकूडकाम सगळं जळालं, आणि दगडाचं तेवढं उरलं. मग मूल जोती बघून विचारतं, इथे काय होतं? तिथून खरा इतिहास सुरू होतो.

आणि आईंना एक मोठा कागद द्या. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी त्यावर नकाशा काढावा. वर गेल्यावर नातवाने तो हातात धरून आजीला वाट दाखवायची. जिथे कागद आणि गड जुळत नाही तिथे दोघांनी थांबून बोलायचं. मी वर्गाच्या सहलीत हेच करतो. मुलं मोबाइल खिशात ठेवतात.

शलाका_ठाणे
मास्तर, फार सुंदर. आणि अशाने काकूंना आपोआप विश्रांतीही मिळते!

वसईची_वीणा
मास्तरांना अनुमोदन. गडावरच्या महाराजांच्या समाधीपाशीही मुलाला थोडं सांगायला हवं. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले. पुढे गड मोगलांकडे, मग पेशव्यांकडे, मग इंग्रजांकडे गेला आणि जागा झाडोऱ्यात बुडाली. जोतीराव फुल्यांनी तिथे जाऊन समाधी स्वच्छ केली, पोवाडा लिहिला. नंतर टिळकांनी १८९५ मध्ये निधी उभारला, आणि जीर्णोद्धार १९२६ च्या सुमारास पुरा झाला. आज आपण हात जोडतो ती जागा राखायला एवढी माणसं लागली.

अनघा_परळ
सगळं वाचलं, आणि काल जेवण झाल्यावर आईला पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. भाऊही बसला होता. जिजाऊंचा मुद्दा आला तेव्हा तो काही बोलला नाही, पण आज सकाळी त्यानेच रोपवेची चौकशी केली.

ठरलं ते असं. डिसेंबरातला दुसरा आठवडा, मंगळवार-बुधवार. मुलाच्या शाळेला तसं पत्र देतेय. मंगळवारी पहाटे परळहून गाडीने, खोपोली-पाली मार्गे. महाडला चवदार तळं, मग पाचाड. दुपारी जेवून विश्रांती, संध्याकाळी वाडा आणि समाधी. मुक्काम पाचाडलाच. बुधवारी भाऊ आणि मुलगा उजाडताच चित्त दरवाज्यातून पायऱ्यांनी चढतील, महादरवाज्याचे फोटो काढतील. मी आणि आई रोपवेने. भेट राजसभेत. टकमक टोक रद्द. सायनच्या किल्ल्याच्या पायऱ्या येत्या रविवारपासून.

आईचा एक प्रश्न आहे. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा 'सेवेचे ठायी तत्पर' हा दगडात कोरलेला लेख तिला स्वतः वाचायचा आहे. तो नक्की कुठे आहे आणि तिला वाकता येईल का? बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही असं तिचं म्हणणं.

निलांबरी
जगदीश्वराच्या मंदिराच्या प्रवेशद्वाराच्या पायरीवर आहे. अगदी खाली, पाय पडेल अशा जागी. एवढी राजधानी उभी केली आणि नाव कोरलं ते पायरीच्या दगडावर. दरवाज्यालगतच्या भिंतीत मोठा संस्कृत शिलालेख आहे, लोक तो बघून पुढे जातात आणि पायरी राहून जाते. अक्षरं झिजलेली आहेत. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात, चांगली दिसतात. दुपारी बाराला दगड नुसता पांढरा दिसतो. तेव्हा राजसभेत रमलात तरी दहाच्या आत जगदीश्वराकडे निघा.

शलाका_ठाणे
वाकू नका देऊ. घडीचं लहान स्टूल न्या, भावाच्या पाठीवर मावेल. पायरीच्या बाजूला स्टूल ठेवून बसल्या की अक्षरांवर बोट फिरवता येईल. उठताना दोन्ही हात मांडीवर टेकून, कुणीतरी पुढे उभं राहून.

सह्यवेडा
काकूंना माझा नमस्कार सांगा. भावाला म्हणावं महादरवाज्यातून आत आल्यावर मागे वळून उभं राहा आणि मग फोटो काढ. येताना वाट कशी वळवलीय ते आतूनच नीट दिसतं. आणि मुलाला सकाळी पोटभर खायला घाला, चढताना वाटेत सावली कमी आहे.

पाचाडचा_भाचा
अनघाताई, मुक्कामाचं मला वैयक्तिक निरोपातून कळवा, आजोळी सांगून ठेवतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी पाचाडला आयतं जेवण मिळेलच असं नाही, आधी सांगावं लागतं. मंगळवारी दुपारी किती माणसं आणि भाकरी तांदळाची हवी की नाचणीची?

अनघा_परळ
चार माणसं. तांदळाची, पिठलं आणि ठेचा वेगळा, मुलाला तिखट चालत नाही. निरोप पाठवलाय.